परसात माशांचा हौद बांधताय? आधी पाण्याचा जोर मोजा, मग मासे आणा

बेळगाव : (स्थानिक प्रतिनिधी) नव्या वसाहतींमध्ये घरापुढे चार कुंड्यांची जागा असली, तरी तिथं आता छोटासा माशांचा हौद दिसू लागला आहे. जमिनीपासून कमरेएवढा वर उचललेला, सिमेंट ब्लॉकच्या भिंतींचा, कडेवर बसून मासे बघता येतील असा. दिसायला काम सोपे वाटते. चार भिंती, आतून गिलावा, पाणी सोडले की झाले. म्हणूनच बरेच जण कंपाऊंडचे काम निघाले की त्याच गवंड्याला उरलेल्या ब्लॉकमध्ये हौदही उभा करायला सांगतात.

गडबड इथंच होते. कंपाऊंडच्या भिंतीला स्वतःचे वजन आणि वारा, एवढेच सोसायचे असते. हौदाच्या भिंतीला पाणी रात्रंदिवस आतून बाहेर ढकलत असते. शिवाय नव्या सिमेंटमधून पाण्यात चुना उतरतो आणि त्याने मासे मरतात. खर्च होतो तो कारंजे, फरशी आणि रंगीत माशांवर. हौद टिकणार की नाही, हे मात्र न दिसणाऱ्या या दोन गोष्टींवर ठरते. म्हणून गवंड्याला बोलवण्याआधी हा हिशेब एकदा समजून घ्या.

खड्डा की उंच हौद?

आपल्या भागात उंच हौदच सोयीचा, याला कारणे आहेत. खानापूर, चंदगडपासून गोव्यापर्यंत पावसाळ्यात अंगणातून पाण्याचे लोट वाहतात. जमिनीत खणलेल्या तळ्यात ते पाणी चिखल, शेणखत आणि झाडांवर मारलेले औषध घेऊनच उतरते. शिवाय जमिनीतले पाणी वर आले की खालून तळाला दाब बसतो. कागद घातलेले तळे असेल तर कागद फुगून वर येतो. जिथं वीतभर खणले की जांभा लागतो, तिथं खोदाईचा खर्च वेगळाच.

उंच हौदात बाहेरचे पाणी शिरत नाही. तळाचा कॉक उघडला की घाण पाणी उताराने बागेत सोडता येते, आणि माशांच्या विष्ठेचे ते पाणी झाडांना खतासारखे उपयोगी पडते. रांगणारे मूल थेट पाण्यापर्यंत पोचत नाही. तोटा एकच. खड्ड्याला चारी बाजूंनी माती टेकण देते. उंच हौदाला तसला आधार नसतो, सगळा भार भिंतीवर येतो.

पाण्याचा जोर किती?

एक साधा हौद धरू. आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि पाणी अडीच फूट. म्हणजे १५० घनफूट पाणी. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर, म्हणजे सुमारे ४,२५० लिटर. लिटरला एक किलो धरला तर सव्वाचार टन झाले.

हे झाले खाली जाणारे वजन. आता आडवा जोर बघा. पृष्ठभागावर दाब शून्य असतो आणि खाली जाऊ तसा तो वाढतो. अडीच फूट पाण्याचा भिंतीच्या दर फूट लांबीवर एकूण सुमारे ८८ किलो जोर येतो. १० फुटी भिंतीवर तो होतो ८८० किलोच्या आसपास. तेवढे वजन भिंतीला आतून टेकून चोवीस तास बाहेर रेटा देत आहे, असे समजा.

आता कुणाला वाटले, थोडा खोल करू, मोठे मासे ठेवू. पाणी ४ फूट केले तर त्याच १० फुटी भिंतीवरचा जोर जातो सव्वादोन टनांवर. खोली दुप्पट केली तर जोर चौपट होतो, आणि भिंत बुडातून उलथवण्याची ताकद आठपट. लांबी-रुंदी वाढवली तर पाणी वाढते, पण भिंतीच्या दर फुटावरचा जोर तेवढाच राहतो. म्हणून जागा असेल तर हौद पसरट करा, उंच नको. या लेखातले सगळे आकडे अडीच फूट पाण्याचे आहेत. ३ फुटांच्या वर जायचे असेल तर नकाशा इंजिनिअरकडूनच करून घ्यावा.

या तीन ठिकाणी नको

पहिली जागा गच्ची. घराची साधारण गच्ची चौरस मीटरला १५० ते २०० किलोचा वापराचा भार धरून केलेली असते. अडीच फूट पाण्याचा भार चौरस मीटरला सुमारे ७६० किलो होतो, भिंतींचे वजन वेगळेच. म्हणजे स्लॅबवर चौपट-पाचपट भार. पाण्याची टाकी गच्चीवर असते मग हौद का नको, असे लोक विचारतात. टाकीचा भार आधीच हिशेबात धरून ती कॉलम-बीमवर ठेवलेली असते. हौद तसा धरलेला नसतो.

दुसरी जागा कंपाऊंडची भिंत. तीन भिंती नव्या बांधायच्या आणि चौथी आयती कंपाऊंडची वापरायची, हा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो. ब्लॉक वाचतात, जागा वाचते. पण ती भिंत आडवा जोर सोसायला बांधलेलीच नसते, आणि पडली तर शेजाऱ्याच्या अंगणात पडते. तिकडे कोण बसले असेल, गाडी असेल, सांगता येत नाही. शेजाऱ्याकडे ओल जाऊन भांडण होते ते वेगळेच. कंपाऊंडपासून निदान दोन फूट अंतर सोडा. फिरायलाही जागा राहते आणि बाहेरून गळती दिसते.

तिसरी जागा मोठ्या झाडाखालची. फणस, आंबा, जांभूळ यांचा पाला पाण्यात कुजतो आणि मुळे पायाला उचलतात. दिवसातून चार-पाच तास ऊन मिळेल आणि दुपारनंतर सावली येईल, अशी जागा बरी.

पाया माती बघूनच

खानापूरकडच्या तांबड्या मातीत किंवा जांभ्यावर काम सोपे. वरची भुसभुशीत माती काढली की फूटभरात घट्ट थर लागतो. पण येळ्ळूर-वडगाव शिवार, निपाणी किंवा गोकाककडची काळी जमीन वेगळी. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. इंदूर आणि बडोद्याकडच्या वाचकांची अडचणही हीच. अशा जमिनीवर हौद थेट बसवला तर एक कोपरा खचतो आणि वर भिंतीला तिरपी चीर पडते. तिथं दीड-दोन फूट काळी माती काढून टाका. खड्डा मुरमाने थराथराने भरा आणि प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने ठोकून घ्या.

त्यावर ६ इंच दगडाचे सोलिंग, त्यावर ३ इंच साधे काँक्रीट आणि त्यावर ५ इंचांचा सळईचा स्लॅब. हा स्लॅब भिंतीच्या बाहेर चारी बाजूंना ६ इंच जास्त ठेवा. सळई ८ मिलिमीटरची, दोन्ही दिशांना ८-८ इंचांवर. काँक्रीट एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. स्लॅब एका दमात, एकाच दिवशी ओता. आज अर्धा, उद्या अर्धा केला तर त्या सांध्यातून आयुष्यभर पाणी झिरपते.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे स्लॅब ओतण्याआधी भिंतीच्या उभ्या सळया त्यात बांधून घ्या. खाली काटकोनात वाकवून त्या स्लॅबच्या जाळीला बांधायच्या. स्लॅब झाल्यावर छिद्र पाडून सळई खोचली तर ती त्या ताकदीची होत नाही. भिंत आणि तळ एकजीव होतात ते याच सळयांमुळे.

ब्लॉक कोणता घ्यावा?

बाजारात ४, ६ आणि ८ इंच जाडीचे ब्लॉक मिळतात. चार इंची ब्लॉकवर जाड गिलावा करून भागेल, असा सल्ला हमखास मिळतो. त्या सल्ल्याला नाही म्हणा. जाडी दुप्पट झाली की भिंतीची वाकण्याला विरोध करायची ताकद चौपट होते, आणि गिलाव्याने ती ताकद येत नाही. गिलावा पाणी अडवतो, जोर अडवत नाही.

अडीच फूट पाण्याला ८ इंची पोकळ ब्लॉक चांगला. तो १६ इंच लांब आणि ८ इंच उंच असतो, मध्ये दोन पोकळ्या. सांधा मोडून थर रचला तरी वरखालच्या पोकळ्या एका रेषेत येतात. त्या पोकळ्यांतून दर १६ इंचांवर १० मिलिमीटरची उभी सळई घ्यायची आणि सगळ्या पोकळ्या बारीक खडीच्या काँक्रीटने भरायच्या. एकही पोकळी रिकामी ठेवायची नाही. सळई पोकळीच्या मधोमध न ठेवता पाण्याच्या बाजूला थोडी सरकवा. पाणी भिंतीला बाहेर वाकवते, तेव्हा ताण येतो आतल्या बाजूला, आणि सळई ताणाच्या जागीच हवी.

भरीव ब्लॉकच मिळत असतील तर त्यांतून सळई जात नाही. मग चारही कोपऱ्यांत आणि लांब भिंतीच्या मधोमध सळईचे छोटे कॉलम घ्यावे लागतात. एएसी म्हणून मिळणारे पांढरे हलके ब्लॉक घराच्या भिंतीला ठीक, हौदाला नकोत. ते वजनाला हलके आणि पाणी शोषणारे असतात. जांभ्याचा चिरा दिसायला देखणा, पण त्यालाही सूक्ष्म छिद्रे असतात. चिरा बाहेरून सजावटीला लावा, पाणी अडवायचे काम त्याच्यावर सोपवू नका.

चार थर रचले की उंची २ फूट ८ इंच होते. त्यावर ४ इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा सगळीकडून फिरवा. त्यात १० मिलिमीटरच्या दोन सळया आणि त्यांना रिंगा. कोपऱ्यावर सळई तोडू नका, काटकोनात वळवून पुढच्या भिंतीत दीड-दोन फूट न्या. पिंपाला जसे लोखंडी कडे असते, तसे या पट्ट्याचे काम. लांब भिंत मधोमध फुगू लागते तेव्हा हाच पट्टा तिला धरून ठेवतो. पट्टा धरून उंची ३ फूट झाली. पाणी अडीच फुटांवर थांबवा, वरचे ६ इंच मोकळे राहू द्या.

पाईप आधी, काँक्रीट नंतर

तळाचा निचऱ्याचा पाईप स्लॅब ओतायच्या आधीच बसवायचा असतो. तळाला त्या पाईपकडे ढाळ द्या, म्हणजे घाण आपोआप तिथं गोळा होते. वर अडीच फुटांच्या पातळीला २ इंची जादा पाण्याचा पाईप हवाच. १० बाय ६ च्या हौदात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेपाचशे लिटर पाणी वाढते. ते कडेवरून सांडले तर मासे अंगणात. पाईपाच्या तोंडाला बारीक जाळी लावा. नंतर छिन्नीने भोक पाडून पाईप घातला की गळती ठरलेली, हे गवंड्यालाही माहीत असते.

गिलावा, आणि मग थांबा

आतून एकास चार प्रमाणात दोन हातांत गिलावा करा, त्यात पाणीरोधक मिसळा. भिंत आणि तळ मिळतात तिथं, आणि चारही कोपऱ्यांत, गोलाईचा वाटा मारून घ्या. काटकोनातला सांधा सगळ्यात आधी फुटतो.

सध्या दुकानात मिळते ते बहुतेक सिमेंट फ्लाय ॲश मिसळलेले असते. त्याला ताकद यायला वेळ लागतो. स्लॅब, भिंत आणि गिलावा, प्रत्येकावर निदान १० दिवस पाणी मारा, उन्हात ओले पोते टाकून ठेवा. पट्टा ओतल्यापासून २८ दिवस होईपर्यंत हौद भरू नका. भरताना पहिल्या दिवशी १ फूट, दुसऱ्या दिवशी २ फूट, तिसऱ्या दिवशी पूर्ण. प्रत्येक वेळी बाहेरून भिंतीवर हात फिरवून ओल बघा.

गिलाव्यावर विसंबायचे नसेल तर दुसरा मार्ग आहे. महाराष्ट्रात 'मागेल त्याला शेततळे' आणि कर्नाटकात 'कृषी भाग्य' योजनेमुळे शेततळ्याचा कागद आता दोन्हीकडच्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा झाला आहे. तोच ५०० मायक्रॉनचा एचडीपीई कागद हौदातही चालतो. पण कागद फक्त पाणी अडवतो. भिंतीवरचा जोर कागद घातला तरी तेवढाच राहतो, हे विसरू नका.

नव्या सिमेंटमध्ये मासे का मरतात?

हौद झाला, पाणी भरले, संध्याकाळी मासे सोडले आणि सकाळी सगळे पोट वर करून तरंगताना सापडले. असे झाले की लोक दुकानदाराला दोष देतात. बहुतेक वेळा कारण हौदातच असते. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत राहतो. पाणी आम्ल की अल्क, हे पीएचने मोजतात. ७ म्हणजे मध्यम. माशांना साधारण साडेसहा ते साडेआठ मानवतो. नव्या काँक्रीटमधल्या पाण्याचा पीएच १२ च्या वर असतो. हौदात तो तेवढा चढत नसला तरी कल्ले भाजतील इतका नक्की चढतो.

उपाय स्वस्त आहे, फक्त धीर हवा. हौद पूर्ण भरा, पाच-सहा दिवस ठेवा, भिंती ब्रशने घासा, रिकामा करा. असे निदान तीनदा करा. शेवटी भिंती पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्याने पुसून धुवा. मग पाणी भरून तीन दिवसांनी पीएच तपासा. मत्स्यालयाच्या दुकानात त्यासाठी कागदी पट्टी किंवा थेंबांची बाटली मिळते. पाणी साडेआठच्या खाली स्थिर राहिले तरच पुढे जा. घाई असेल तर पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणारा इपॉक्सी लेप आतून द्या, पण तोही पूर्ण वाळलेला हवा.

या काळात पाणी आठवड्यापेक्षा जास्त साठवू नका. मासे नसलेला स्वच्छ पाण्याचा हौद म्हणजे डेंगीच्या डासाला आमंत्रण. अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्याआधी हौद रिकामा झाला पाहिजे. आणि हे चुन्याचे पाणी कुंड्यांना, विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नका. मोकळ्या जमिनीवर पसरू द्या.

आणखी एक गोष्ट, नळाचे पाणी. त्यात क्लोरीन असतो आणि पावसाळ्यात टीसीएलचा मारा वाढतो. पाणी एक-दोन दिवस उघड्यावर ठेवा किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन मारायचे औषध सांगितल्या प्रमाणात टाका. बोअरचे पाणी असेल तर वापरण्याआधी त्याचाही पीएच बघा.

फिल्टर आणि विजेचा हिशेब

माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. फिल्टरमधल्या स्पंजावर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्यापेक्षा कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवशी पन्नास मासे सोडायचे नाहीत. आधी चार-पाच सोडा, महिनाभराने वाढवा. फिल्टर धुताना स्पंज नळाखाली धुऊ नका, हौदाच्याच पाण्यात पिळा. नाहीतर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सगळे पाणी दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरावे. ४,२५० लिटरला ताशी दोन-सव्वादोन हजार लिटरचा पंप पुरतो. ४५ वॅटचा पंप धरला तर दिवसाला जेमतेम १ युनिट, महिन्याला ३२ युनिटच्या आसपास. दोनशे लिटरच्या प्लास्टिक पिंपात स्पंज आणि जाळी भरून फिल्टर घरीही करता येतो. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप जवळ असू द्या. विशेषतः उन्हाळ्यात, कारण पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. उंच हौदाच्या भिंतींनाही ऊन लागते, त्यामुळे पाणी लवकर तापते. हैदराबाद, ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी वर शेडनेट टाकल्याशिवाय उन्हाळा निघत नाही.

पाण्यात वीज सोडतोय, हे ध्यानात ठेवा. पंपाच्या लाईनला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग हवेच. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा. यात काटकसर करू नका.

कोणते मासे?

एवढ्या हौदात वीसेक गोल्डफिश सुखाने राहतात. कोई कार्प देखणा, पण तो दीड-दोन फूट वाढतो आणि एकेकाला हजारभर लिटर पाणी लागते. अडीच फुटांच्या हौदात त्याचा हट्ट न धरलेला बरा. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात, पण कडाक्याची थंडी त्यांना सोसत नाही. परदेशी मांगूर पाळायला देशात बंदी आहे. कुणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका.

मासे जास्त झाले, कंटाळा आला, म्हणून ओढ्यात किंवा नदीत सोडू नका. मलप्रभा आणि म्हादई दोन्ही खानापूर तालुक्यात उगम पावतात. पश्चिम घाटातल्या या ओढ्यांत इथलेच असे मासे आहेत. बाहेरचा मासा त्यांचे अन्न खातो, अंडी खातो, रोग पसरवतो. मासे दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या हौदवाल्याला द्या.

खाणे दिवसातून एक-दोनदाच, दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढे. उरलेले कुजून पाणी बिघडते. आठवड्याला दहा ते वीस टक्के पाणी बदला.

मुले, खंड्या आणि दिवड

तीन फुटांची कड चार वर्षांचे मूल स्टूल लावून सहज चढते. घरात लहान मुले असतील तर वर लोखंडी चौकटीत घट्ट जाळी हवी, नुसते नायलॉनचे जाळे नको. कडेजवळ कुंडी, खुर्ची, बादली ठेवू नका. अडीच फूट पाणी लहान मुलाला पुरून उरते.

त्याच जाळीमुळे खंड्या, ढोकरी आणि मांजरही दूर राहते. बेडकांच्या मागावर कधी पाण्यातला दिवड येतो. तो बिनविषारी आहे, मारू नका, काठीने वाट दाखवा.

गळती की बाष्प?

उन्हाळ्यात पाणी रोज खाली जातेच. ते वाफ होऊन गेले की झिरपून, हे असे ओळखा. बादलीत हौदाचे पाणी भरून ती कडेच्या पायरीवर अशी ठेवा की अर्धी बुडेल. बादलीतल्या आणि हौदातल्या पाण्यावर खूण करा. पंप बंद ठेवा. चोवीस तासांनी दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या तर ती वाफ. हौद जास्त उतरला तर गळती.

बाहेरून पांढरे ओघळ दिसले तर पाणी भिंतीतून चुना घेऊन येत आहे. आतून लेप दिला तर थांबते. पण लांब भिंतीच्या मधोमध वरून खाली उभी चीर पडली असेल किंवा ओळंबा लावल्यावर भिंत बाहेर झुकलेली दिसली, तर लेप लावत बसू नका. मासे पिंपात काढा, पाणी लगेच निम्म्याखाली आणा, मुलांना लांब ठेवा आणि जाणकाराला बोलवा.

सामान आणि वेळ

१० बाय ६ च्या या हौदाला ८ इंची ब्लॉक १०४ लागतात, फुटतूट धरून ११५ आणा. सिमेंट सुमारे २५ पोती, सळई ७५ ते ८० किलो. दर बेळगावात वेगळा, कोल्हापुरात वेगळा, पणजीत आणखी वेगळा, म्हणून रक्कम लिहीत नाही. आपल्या गावच्या दराने गुणा. कुणी याच मापाचा हौद दहा पोत्यांत करून देतो म्हणाला, तर तो नेमके काय वगळतोय ते विचारा. बहुधा सळई आणि पोकळीतले काँक्रीट वगळलेले असते.

वेळेचेही असेच. बांधकाम आणि पाणी मारणे मिळून सव्वा महिना, चुना उतरवायला तीन आठवडे, मग पहिले चार-पाच मासे आणि महिनाभराने बाकीचे. जानेवारीत काम काढले तर गुढीपाडव्याच्या सुमारास पहिले मासे आणि पावसाआधी भरलेला हौद. मेमध्ये काम काढले तर गिलावा पावसात सापडतो. त्यापेक्षा यंदा पाया आणि जागा नक्की करून, दिवाळीनंतर शांतपणे काम काढलेले बरे.